नायकाला काय येत नाही, हे आधी लिहा: मालवणकडच्या एका रखडलेल्या सुपरहिरोपटाविषयी

देवगड तालुक्यातील एका तरुण पटकथालेखकाने मला प्रश्न पाठवला आहे. कोकण किनाऱ्यावर घडणारा सुपरहिरोपट त्यांनी लिहिला आहे, मुंबईतील एका निर्मात्याने त्यात रस दाखवला आहे, आणि येत्या गणेशोत्सवात नायकाचे पोस्टर प्रसिद्ध करून चित्रपटाची घोषणा करावी, असा त्या निर्मात्याचा आग्रह आहे. मालवणकडे असाच एक चित्रपट कित्येक वर्षे अडकून पडल्याचे त्यांच्या कानावर आले आहे. तो नेमका कशामुळे अडकला, आणि सही करण्यापूर्वी काय पक्के करून घ्यावे, असे ते विचारतात.

त्या चित्रपटाची मी पहिल्या बैठकीपासून कार्यकारी निर्माती होते, त्यामुळे उत्तर देणे हे माझे कर्तव्यच आहे. आमच्याकडे या चित्रपटाविषयी तीन कारणे सांगितली जातात: पैसे संपले, टाळेबंदी लागली आणि वादळाने सेट नेला. ही तिन्ही खरी आहेत, पण चित्रपट त्यांनी अडकला नाही. केरळात ‘मिन्नल मुरली’ या मल्याळम सुपरहिरोपटाच्या युनिटनेही तीच टाळेबंदी भोगली, मे २०२० मध्ये कालडीजवळ त्यांनी उभारलेला चर्चचा सेट काही लोकांनी मोडून टाकला, आणि तरीही तो चित्रपट पूर्ण होऊन डिसेंबर २०२१ मध्ये प्रेक्षकांपर्यंत पोहोचला. आमचा पोहोचला नाही, याचे कारण माझ्या मते एकच आहे. आमच्या नायकाला काय येते हे आम्ही सगळेच सांगू शकत होतो, पण त्याला काय येत नाही हे पाच वर्षे कोणीही लिहून काढले नव्हते. बाकीची संकटे त्या एका रिकाम्या जागेतून आत शिरली.

मूळ कथा एका लेखिकेकडून २०१७ च्या दिवाळीनंतर माझ्या हाती आली. मालवण तालुक्यातील एका खाडीकाठच्या गावात रापणकराचा, म्हणजे किनाऱ्यावरून मोठे जाळे ओढून मासे धरणाऱ्याचा, मुलगा आहे, आणि एका अवसेच्या रात्री गावाच्या राखणदाराची शक्ती त्याच्यात उतरते, अशी ती कथा होती. घाटावरच्या वाचकांसाठी सांगते, राखणदार म्हणजे गावाची वेस राखणारा, रात्री-अपरात्री वाट चुकलेल्याला घरापर्यंत आणून सोडणारा अदृश्य रक्षक. हातात काठी, खांद्यावर घोंगडी, असे त्याचे वर्णन आमच्याकडची जुनी माणसे करतात. त्या पहिल्या ड्राफ्टमध्ये नायकाला संकटातल्या माणसाची हाक ऐकू येत असे आणि तो तेथे पोहोचत असे. किती लांबून हाक ऐकू येते, तो तेथे चालत पोहोचतो की पोहत, दोन हाका एकदम आल्या तर काय होते, यांपैकी काहीही त्यात नव्हते. कथा इतकी ओघवती होती की ही उणीव वाचताना जाणवतच नसे. वाचताना न जाणवणारी उणीव खर्चाच्या तक्त्यात जाणवते, हे माझ्या अनुभवाने मला तेव्हाच सांगायला हवे होते, आणि ते मी बैठकीत बोलले नाही, ही चूक माझी आहे.

त्यानंतर पोस्टर आले, आणि तुमच्या प्रश्नातला गणेशोत्सव वाचून मला सर्वांत आधी तेच आठवले. पटकथेचा दुसरा ड्राफ्टही झालेला नसताना निर्मात्याला गुंतवणूकदारांपुढे ठेवायला चित्र हवे होते. संकल्पचित्र काढणाऱ्याने सिंधुदुर्ग किल्ल्याच्या तटावर झेप घेतलेला नायक काढला. चित्र अतिशय देखणे होते. पण ते ज्याने पाहिले त्याने एकच अर्थ काढला की हा नायक उडतो. वितरकाने तसे धरले, गुंतवणूकदाराने तसे धरले, ज्या गावात आम्ही रेकी, म्हणजे चित्रीकरणाच्या जागेची पाहणी, केली तेथील शाळकरी मुलेसुद्धा हात पसरून आमच्या गाडीमागे धावू लागली. कथेत उडण्याचा एक शब्द नव्हता, तरी पुढच्या ड्राफ्टमध्ये सात प्रसंगांत नायक उडू लागला. शिवाय सिंधुदुर्ग हे केंद्रीय संरक्षित स्मारक आहे, आणि तेथे चित्रीकरणासाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची परवानगी घ्यावी लागते. तटाला खिळा ठोकण्याचा किंवा तारेसाठी आधार बांधण्याचा तर प्रश्नच येत नाही. म्हणजे ज्या प्रसंगाचे पोस्टर आम्ही वाटले होते तो प्रसंग त्या जागी कधी घेताच येणार नव्हता.

उडणारा नायक म्हणजे व्हीएफएक्स (चित्रणानंतर संगणकावर केले जाणारे दृश्यकाम), आणि येथे मी थोडी थांबते, कारण नव्या लेखकांना या कामाचा हिशेब कोणी समजावून सांगत नाही. पाच सेकंदांचा शॉट म्हणजे सेकंदाला चोवीस फ्रेम या हिशेबाने १२० चित्रे. नायक तारेवर लटकवलेला असेल तर प्रत्येक चित्रातून तार पुसावी लागते, तारेमागे गेलेले आकाश किंवा माडाच्या झावळ्या पुन्हा भराव्या लागतात, नायकाची कड रोटो करून, म्हणजे प्रत्येक चित्रात हाताने आखून, वेगळी काढावी लागते, आणि कॅमेरा हलत असेल तर त्याची हालचाल संगणकात जशीच्या तशी पकडावी लागते. या कामाला मदत व्हावी म्हणून आपण तोच शॉट माणसाशिवाय पुन्हा घेतो, त्याला क्लीन प्लेट म्हणतात. भिंतीपुढे, रस्त्यावर, सड्यावर क्लीन प्लेट उपयोगी पडते. समुद्रापुढे ती मिळत नाही, कारण पहिल्या वेळी आलेली लाट दुसऱ्या वेळी येत नाही, आणि फुटलेल्या लाटेचा फेस हाताने भरून काढणे हे रोटो करणाऱ्या मुलांचे सर्वांत जिकिरीचे काम आहे.

नायकामागे एकरंगी पडदा लावून नंतर त्या जागी दुसरे दृश्य भरतात, त्या पडद्याचीही तीच गत झाली. हिरवा पडदा लावावा तर मागे-पुढे सगळीकडे माडाचा, फणसाचा, भाताचा हिरवा रंग, आणि ओल्या पोशाखावर पडद्याची हिरवी झाक पडते ती वेगळीच. निळा लावावा तर समुद्र आणि आकाश निळे. त्यात सकाळ उलटून समुद्रावरून वारा सुटला की वीस फुटांचा पडदा शिडासारखा भरतो आणि चार माणसांना दोर धरून बसावे लागते. स्टुडिओने दर सांगण्यापूर्वी आम्हाला तीन साधे प्रश्न विचारले होते: तो वर जाताना कशाच्या जोरावर जातो, त्याच्या अंगावरून पाणी गळते का, आणि पाण्यावर त्याची सावली पडते का? आमच्याकडे उत्तरे नव्हती. ज्या स्टुडिओला उत्तर मिळत नाही तो सर्वांत अवघड शक्यता धरून दर सांगतो, आणि त्यात त्याची काही चूक नाही. आलेला आकडा उरलेल्या संपूर्ण चित्रपटाच्या खर्चाहून मोठा होता.

पोशाख चार वेळा बदलला. पहिला निळा होता, तो पाण्यापुढे दिसेना. दुसरा रबराचा होता. मार्चच्या दमट हवेत अभिनेता तो घालून वीस मिनिटांत घामाने डबडबला आणि त्याला चक्कर आली, तेव्हा मी त्या दिवसाचे काम बंद केले. अखेर दशावतारात अनेक वर्षे राजाची भूमिका करणारे एक वयस्क कलाकार आम्ही बोलावले. त्यांनी पोशाखापेक्षा उभे राहण्याकडे लक्ष दिले. दशावतारी स्वतःचा रंग स्वतः लावतो, जड मुकुट आणि भरजरी कपडे चढवून रात्रभर उभा राहतो, आणि समोर एक लाकडी बाकडे असते तेच सिंहासन, तेच पर्वत, तेच रथ होते. ते म्हणाले, बाकड्यावर चढलेला राजा काय करू शकत नाही हे प्रेक्षकाला ठाऊक असते, म्हणून तो बाकड्यावरून उतरला की आसनावरून उतरल्याचे प्रेक्षकाला कळते. तुमच्या मुलाने कुठून उतरायचे? त्या प्रश्नाचे महत्त्व मला त्या दिवशी कळले नाही. आम्ही त्यांच्याकडून चालण्याची ढब तेवढी घेतली आणि पोशाखाचा रंग आमसुली ठरवून पुढे गेलो.

गावाचा विषय निघाला तो याच सुमारास. चित्रीकरणाआधी देवळात गाऱ्हाणे घालायचे म्हणून आम्ही मानकऱ्यांना भेटलो, तेव्हा त्यांनी कथा विचारली, आणि राखणदार हे पात्र आहे हे ऐकून ते गप्प झाले. रीतीप्रमाणे देवाला कौल लावला गेला आणि तो डावा आला, म्हणजे देवाचा नकार आला. त्यांच्यातील सर्वांत वृद्ध गृहस्थ मला म्हणाले, “बाये, राखणदाराक आमी इचारूक शकतंव. तुमच्या हिरोक कोण इचारतलो? आणि राखणदाराचा शिमेच्या भायर काय चालना नाय. तुमचो तर मुंबैक जाता.” शीम म्हणजे गावाची हद्द. दुसऱ्या ड्राफ्टमध्ये नायक खरोखरच मुंबईत जाऊन मारामारी करत होता, कारण गुंतवणूकदाराला शहरी प्रेक्षक हवा होता. त्या वृद्धांच्या बोलण्यात आमच्या चित्रपटाचे उत्तर होते. राखणदाराला हद्द आहे, आणि त्याला जाब विचारता येतो. आम्ही लोकश्रद्धेतून शक्ती तेवढी उचलली होती आणि तिच्यासोबत आलेली मर्यादा गावातच ठेवून आलो होतो.

कौल डावा आल्यावर निर्मात्याचे म्हणणे पडले की दुसऱ्या गावात जाऊन तेच करावे. लेखिकेने त्याला ठाम नकार दिला आणि मी तिच्या बाजूने उभी राहिले. याबद्दल मला आजही समाधान आहे. कथेतून राखणदार काढला गेला. पण त्याच्या जागी शक्तीचा दुसरा उगम लिहिण्याऐवजी आम्ही फक्त नाव वगळले. आता नायकाकडे शक्ती होती, ती कुठून आली हे नव्हते, कुठवर चालते हेही नव्हते. अशा नायकाला जो येईल तो नवीन काम सांगतो. तिसऱ्या ड्राफ्टला दिग्दर्शक बदलले आणि नायक वादळ थांबवू लागला.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि तिथल्या नारळी-पोफळीच्या वाड्या झोपल्या. आमचा तिसरा ड्राफ्ट तेव्हा हातात होता. मी लिहून कळवले की ज्या किनाऱ्यावर लोक अजून छप्परे शोधत आहेत तेथे हाताच्या एका फटकाऱ्याने वादळ परतवणारा माणूस दाखवणे मला योग्य वाटत नाही. प्रसंग तसाच राहिला. पुढच्या हिवाळ्यात आम्ही खाडीच्या तोंडाशी, भरतीच्या रेषेपासून परवानगीत सांगितलेले अंतर सोडून, प्लायवूड आणि प्लास्टरचा वाडीचा सेट उभारला आणि अकरा दिवस चित्रीकरण केले. एप्रिल २०२१ च्या मध्यात दुसऱ्या लाटेमुळे राज्यातील चित्रीकरणे थांबली. सेट उभाच राहिला, आणि १६ मे रोजी तौक्ते किनाऱ्यालगतून गेले तेव्हा तो गेला. दुसऱ्या दिवशी दूरध्वनीवर गावातल्या आमच्या माणसाने सेटबद्दल सांगण्याआधी कोणाच्या होड्या गेल्या आणि कोणाच्या आंब्याच्या कलमांचे काय झाले ते सांगितले. त्यानंतर तो वादळाचा प्रसंग चित्रपटात ठेवायची कोणाचीही तयारी उरली नाही. विम्याची रक्कम मिळाली नाही, कारण पॉलिसीचे संरक्षण प्रत्यक्ष चित्रीकरणाच्या काळापुरते होते, आणि चित्रीकरण सरकारी आदेशाने बंद असताना सेट उभा होता. पॉलिसीतला तो काळ कोणत्या तारखेला संपतो हे सही करताना वाचा. मी वाचले होते, पण बंद पडलेले चित्रीकरण म्हणजे काय हे विचारले नव्हते.

येथे कोकणातील वेळापत्रकाबद्दल लिहिते, कारण बाहेरचा निर्माता ते नेहमी चुकीचे धरतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, होड्या ओढलेल्या असतात आणि पाऊस उभा राहू देत नाही. पुढे गणपतीत गावातला एकही माणूस कामाला मिळत नाही, आणि मिळू नये असेच मला वाटते. मार्चपासून हापूसची तोड सुरू होते, तेव्हा बागायतदार बागेत ट्रक येऊ देत नाहीत. शिमग्यात पालख्या फिरत असतात. उरतो तो दिवाळीनंतरचा ते फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ. नेमक्या याच महिन्यांत ऑलिव्ह रिडले कासवे काही किनाऱ्यांवर अंडी घालायला येतात आणि पिल्ले पुढे उन्हाळ्यापर्यंत बाहेर पडत राहतात. ती पिल्ले उजेडाच्या दिशेने चालतात. आपण रात्री पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, लाइट लावला की ती समुद्राकडे जायची सोडून जनरेटरकडे येतात. हा प्राणी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, तेव्हा परवानगीचा प्रश्न आहेच. पण परवानगी मिळाली तरी अशा पुळणीवर रात्रीचे काम करू नये. म्हणून तुमच्या नायकाचे पराक्रम रात्री किनाऱ्यावर घडणार असतील तर ते लिहितानाच विचार करा. रापणीच्या जागाही अशाच. सकाळी रापण लागते ती पुळण युनिटने अडवली तर वीस-पंचवीस घरांचा त्या दिवसाचा वाटा जातो, आणि भरपाईचे पाकीट देऊन तो विषय मिटत नाही, कारण वाटा रापण संघात ठरलेल्या रीतीने पडतो आणि पैसे एका माणसाच्या हातात जातात.

हक्कांची बाजू मात्र तुम्ही वकिलाकडून समजून घ्यावी. मी फक्त आमचे काय झाले ते सांगते. लेखिकेने जानेवारी २०१८ मध्ये कथा आणि पात्राचे हक्क निर्मात्याला लिहून दिले. एक वर्षात हक्क वापरले नाहीत तर हस्तांतरण संपुष्टात येते, ही भारतीय कॉपीराइट कायद्यातील कलम १९ मधली तरतूद लागू होणार नाही, असे करारात स्पष्ट लिहिले होते; बहुतेक निर्माते तसे लिहून घेतात. परंतु हक्क किती काळासाठी दिले हे लिहायचे राहून गेले, आणि काळ लिहिला नसेल तर तोच कायदा तो पाच वर्षे धरतो. जानेवारी २०२३ मध्ये हक्क लेखिकेकडे परत आले. हे ऐकायला सोपे वाटते. पण दुसरा आणि तिसरा ड्राफ्ट अन्य लेखकांचे होते व त्यांचे मानधन निर्मात्याने दिले होते, चित्रपटाचे नाव निर्मात्याच्या संस्थेच्या नावे नोंदलेले होते, पोशाखाचे आरेखन त्याचे होते आणि अकरा दिवसांचे चित्रण त्याच्या हार्ड डिस्कवर होते. तेव्हा कथा एकीकडे आणि तिचे दिसणे दुसरीकडे, अशी वाटणी झाली. नवा निर्माता आला की तो पहिल्या निर्मात्याचे ना हरकत पत्र मागतो; पहिला निर्माता व्याजासह खर्च मागतो; आणि व्याज दर महिन्याला वाढत असते. यात कोणी दुष्टपणा केला असे मला वाटत नाही. पहिल्या निर्मात्याने स्वतःचे घर गहाण ठेवले होते.

शक्तीचे कोडे सुटले ते हक्क परतल्यानंतर, आणि त्याचे श्रेय एका मच्छीमाराला आहे. लेखिका आणि मी खाडीकाठी बसून भरतीची वेळ काढत होतो. आमच्याकडे एक ढोबळ हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, म्हणजे अष्टमीला सहा आणि एकादशीला सव्वाआठ, ठिकाणानुसार तो मागेपुढे होतो. आम्ही चुकत होतो म्हणून शेजारी जाळे विणत बसलेल्या गृहस्थांनी हिशेब दुरुस्त करून दिला आणि सहज म्हणाले, “उधाणाक खारा पाणी पार वरच्या पुलाक लागता. भांगाक अर्ध्या वाटेर थांबता. भांगाच्या दिसांनी वरच्या वाडीयेत होडी जायत नाय.” उधाण म्हणजे अवस-पुनवेची मोठी भरती, भांग म्हणजे अष्टमीच्या सुमाराची लहान भरती. लेखिकेने वही मिटली आणि बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, त्याची शक्ती खारे पाणी पोहोचते तिथवरच.

त्या एका वाक्याने सगळे जागेवर बसले. भरतीत त्याचे बळ चढते, ओहोटीत उतरते आणि पूर्ण ओहोटीला तो तुमच्या-आमच्यासारखा माणूस असतो. अवस-पुनवेच्या उधाणाला त्याची हद्द खाडीतून आत वाढते, अष्टमीच्या भांगाला आकसते. मुंबईची मारामारी आपोआप गेली. उडणे गेले, कारण पाणी उडत नाही. वादळ थांबवणेही गेले, कारण वादळात पाणी शिमेबाहेर चढते आणि तेव्हा त्याचे बळ त्याच्याच आवाक्याबाहेर जाते, तो स्वतःच भयंकर होऊ शकतो. वादळाचा हा प्रसंग लिहिताना मला कोणाच्याही दुःखाचा अवमान वाटला नाही. वरच्या वाडीतले मूल भांगाच्या दिवशी विहिरीत पडते आणि नायक पाणी संपते त्या पुलाशी उभा राहून पुढे साध्या पायांनी धावतो, हा प्रसंग आता चित्रपटाच्या मध्यावर आहे, आणि त्यात व्हीएफएक्सचा एकही शॉट नाही. दशावतारी आजोबांनी विचारलेले ‘कुठून उतरायचे’ ते हेच होते. गावच्या मानकऱ्यांना लेखिकेने नवी कथा सांगितली तेव्हा त्यांनी हद्दीबद्दलच दोन प्रश्न विचारले आणि त्यांची उत्तरे तिच्याकडे होती.

खर्चाचा तक्ता मी नव्याने केला. व्हीएफएक्सचे शॉट निम्म्याहून कमी झाले, कारण नायक निम्मा वेळ ओहोटीत असतो. वेळापत्रक मात्र अधिक कडक झाले. भरती रोज सुमारे पाऊण ते एक तासाने पुढे सरकते. आज सकाळी आठला खडक उघडे पडले असतील तर आठवड्याने त्याच वेळी त्यांवर पाणी असते, आणि तीच पातळी त्याच घटकेला साधारण पंधरवड्याने परत येते. म्हणून एक प्रसंग दोन दिवसांत विभागून घेता येत नाही, आणि कॉल शीटवर, म्हणजे युनिटच्या रोजच्या कामाच्या पत्रकावर, तारखेबरोबर तिथी छापावी लागते. हे अवघड आहे, पण यासाठी नियोजन करता येते. नायकाला काहीही करता येते तेव्हा कशाचेच नियोजन करता येत नाही.

आता तुमच्याबद्दल. सहीआधी एका कागदावर, निर्माता आणि दिग्दर्शक दोघे समोर असताना, नायकाची शक्ती लिहा. काय येते याला दोन ओळी पुरे. काय येत नाही, ते का येत नाही आणि शक्ती वापरली की त्याला कोणती झळ बसते, याला उरलेला कागद द्या. तो कागद व्हीएफएक्स स्टुडिओला, पोशाख करणाऱ्याला आणि साहस दिग्दर्शकाला वेगवेगळा वाचायला द्या, आणि त्यांनी विचारलेला प्रत्येक प्रश्न त्यावर लिहून त्याचे उत्तर द्या. उत्तर सुचत नसेल तेथे पटकथा अपुरी आहे असे समजा. मग तो कागद कराराला परिशिष्ट म्हणून जोडा, आणि पात्राच्या शक्तीत बदल करायचा तर तुमची लेखी संमती लागेल, असे कलम घाला. निर्माता याला नाराज होईल असे तुम्हाला वाटेल. जो खरोखर चित्रपट करणार आहे तो होत नाही, कारण हा कागद त्याचाही पैसा वाचवतो. हक्क किती वर्षांसाठी दिले तो आकडा लिहा, त्या मुदतीत चित्रीकरण सुरू झाले नाही तर कथेबरोबर नाव आणि आरेखनेही कोणत्या अटींवर तुम्हाला मिळतील ते लिहा, आणि सहीपूर्वी तुमचा ड्राफ्ट मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवा. तुमच्या कथेत देवदेवस्की असेल तर सहीपूर्वीच गावात जाऊन सांगा. पैसे ठरल्यावर विचारायला गेलात तर ते विचारणे राहत नाही.

पोस्टरबाबत माझे मत असे की या गणेशोत्सवात नायक दाखवू नका. घोषणा हवीच असेल तर नाव आणि तुमच्या गावची जागा दाखवा. निर्मात्याने हट्ट धरला तर मला कळवा. मी त्यांच्याशी बोलेन आणि आमचे ते किल्ल्यावरचे पोस्टर त्यांना दाखवेन, त्याची एक प्रत माझ्याकडे आहे. आमच्या चित्रपटाचे ना हरकत पत्र अजून आलेले नाही. लेखिकेचा नवा ड्राफ्ट पूर्ण आहे, आणि पहिल्या निर्मात्यांशी आमची पुढची बैठक नारळी पौर्णिमेनंतर मालवणात ठरली आहे.